अज्ञानाचा दाखला

"काही काम असलं तर सांगा बाई," हे वाक्य मी ललिताबाईंना गेली बावीस वर्षं म्हणत आलो होतो. हे वाक्य म्हणायचं असतं, ऐकणाऱ्याने "हो, हो" म्हणायचं असतं आणि मग दोघांनी आपापल्या घरी जायचं असतं. समाज असाच चालतो. पण अठ्ठ्याण्णव सालच्या जुलै महिन्यात बाई नेहमीचं उत्तर विसरल्या. त्या म्हणाल्या, "आहे. बस."

मी बसलो. बाई मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला होत्या, म्हणजे मी तिसरीत होतो आणि त्या शिकवायला होत्या. तेव्हा त्या "बस" म्हणाल्या की मी बसायचो. पुढे मी सिंचन खात्यात बाबू झालो, दोन बढत्या झाल्या, चष्मा लागला, पण त्या एका शब्दापुढे यातलं काहीच कामाला येत नाही.

बाईंचं घर आमच्यापासून तिसरं. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. वडील ख्रिस्ती प्रचारक होते, सायकलवर आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीपर्यंतची गावं फिरायचे. बाईंनी माझ्या हातात एक पत्र ठेवलं. पुण्याकडच्या एका संस्थेचं होतं: ईश्वरविज्ञानाची पदविका, घरबसल्या अभ्यास, वयाची अट नाही, स्त्रियांना प्रवेश.

"एकोणिसाव्या वर्षी मी अशाच एका ठिकाणी अर्ज केला होता," बाई म्हणाल्या. "उत्तरात पोस्टकार्ड आलं. मुलींनी गीतं शिकवावी, भरतकाम शिकावं, ईश्वरविज्ञान पुरुषांसाठी आहे. मी भरतकाम शिकले. एकेक टाका राग धरून घातला."

"मग आता, बाई?"

"शेवटची ओळ वाच."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की मराठी माध्यमाची परीक्षा येत्या एप्रिलमध्ये शेवटची होईल, त्यानंतर फक्त इंग्रजी आणि हिंदी.

"तुमचं हिंदी तर चांगलं आहे," मी म्हणालो.

"हिंदीत मी भाजी घेते. देवाशी वाद मराठीतच होतो." आणि त्यांनी एक यादी पुढे केली. बायबलची भाष्यं, शब्दसूची, हिब्रू आणि ग्रीक कोश, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास. बरीचशी पुस्तकं वीस वर्षांपासून छापलेली नव्हती. "नागपूरला एका जुन्या दुकानात आहेत म्हणे. एवढी आणून दे. बाकी मी बघते."

'एवढी' या शब्दावर मी विश्वास ठेवला, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे ही गोष्ट मी गल्लीत सांगितली. आमच्या गल्लीत प्रवासाला निघणाऱ्या माणसाला पत्ता विचारावा लागत नाही, पत्ते त्याच्यावर येऊन आदळतात. चैतराम चौतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "काहून जाऊन राह्यला? पोस्टाने मागव. पोस्टात काही हरवत नाई." मी सांगितलं की दुकानदार पत्राला उत्तरच देत नाही. "मंग त्याले पत्र भेटलंच नसन," असं चैतराम म्हणाले आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन घरात गेले.

दुलीचंदचं लोखंडाच्या सामानाचं दुकान आहे आणि त्याला खिळ्यापासून ग्रहणापर्यंत सगळ्याची माहिती आहे. तो म्हणाला, "मधुबाबू, गोंदियावरून येऊ नका. पेटी उतारो, पेटी चढ़ाओ, कमर गेली समझो. तिरोडीवरून या. एकदम सीधा."

नागपूरचा दुकानदार ऐंशीचा होता. यादी पाहून त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "आपण पाळक? कोणत्या चर्चचे?"

"नाही, सिंचन खातं."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "यादीत अकरा आहेत. मी सत्तावीस देतो. ही पुस्तकं न्यायला कोणी येईल म्हणून मी दुकान उघडं ठेवलं होतं." पुस्तकांबरोबर त्याने एक पत्र्याची पेटीही दिली. ती बंद करायला आम्ही दोघं तिच्यावर बसलो.

तिरोडीला मी दुपारी रेल्वेतून उतरलो. 'एकदम सीधा' रस्ता तिथे संपत होता. पुढे बालाघाटला नेणारी बस निघून गेली होती. पेटी हातभर लांब आणि दोन हमालांना उचलेना. आता तिरोडी हे मँगनीजच्या खाणीचं गाव. तिथे छोटीशी पेटी न उचलण्याइतकी जड असली की लोकांच्या मनात एकच विचार येतो: चोरलेलं मँगनीज. पाचच मिनिटांत सायकलवरून खाणीचा चौकीदार आला.

"पेटी में क्या है?"

"धर्म," मी म्हणालो. तेवीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी इतकं चुकीचं उत्तर कधी दिलं नव्हतं.

पेटी उघडली गेली. सत्तावीस पुस्तकं फलाटावर मांडली गेली. चौकीदाराने प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकलं, पेटीच्या तळावर काठी आपटली, बाजूंवर आपटली. तोवर तीसेक माणसं जमली होती. मी मधोमध, पुस्तकांच्या रिंगणात, जादूचे खेळ करणाऱ्यासारखा उभा. ग्रीक कोश उघडून चौकीदार म्हणाला, "ये कौन सी भाषा का हिसाब है?" मी म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीची. "कौन पढ़ेगा?" मी म्हटलं, "माझ्या तिसरीच्या बाई, एकाहत्तर वर्षांच्या." त्याने कोश कपाळाला लावला, सगळी पुस्तकं पुसून परत भरली आणि बालाघाटकडे निघालेला धानाचा ट्रक हात करून थांबवला. मी पोत्यांवर बसून घरी आलो. केसांत, कानांत, चष्म्यावर तूस.

दार उघडून माझी बायको सुनंदा म्हणाली, "अजी, नागपूरले गेलते की खळ्यावर धान चुराले?"

काम संपलं होतं. सत्तावीस पुस्तकं बाईंच्या ओसरीवर मांडून मी निघालो, तर बाई म्हणाल्या, "बस."

बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. साखर उतरत नव्हती म्हणून डॉक्टर शस्त्रक्रिया करेनात. मोठी अक्षरं दिसायची, पण ही पुस्तकं मुंगीच्या अक्षरात छापलेली. "तू वाच," बाई म्हणाल्या, "मी ऐकते. रोज साडेपाच ते सात."

सरकारी माणसाला वाचता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला मोठ्याने वाचावं लागत नाही हे कोणी लक्षात घेत नाही. पहिल्या दिवशी एका पानावर बाईंनी मला चौदा वेळा थांबवलं. "मधू, तिथे स्वल्पविराम आहे. तू त्याला तुडवून गेलास." सुनंदा कुंपणापलीकडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती मेथीची जुडी घेऊन निवडायला तिथेच येऊन बसली. वीस वर्षांच्या संसारात मला कोणी इतकं सतत टोकताना तिने पाहिलं नव्हतं आणि तिला ते फार आवडलं.

मग चैतराम आले. ते बौद्ध, वाचन दांडगं. ते म्हणाले, "मी फक्त ऐकाले आलो." पण चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, देव न्यायी हाय तर चांगल्या माणसाले दुःख काहून?" बाईंचे डोळे चमकले. त्या प्रश्नावर तीन संध्याकाळ गेल्या, दोघांचाही आवाज चढला, आणि तिसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "या माणसाला रोज बोलवत जा. पेपरात असाच प्रश्न येईल." दुलीचंद दुकान बंद करून यायचा. देवाचा निरोप सांगणारे संदेष्टे मोठे चार आणि लहान बारा हे ऐकून त्याने विचारलं, "मतलब ग्रेड एक, ग्रेड दो? और तनखा?" बाईंनी समजावलं की लहान म्हणजे ज्यांचं लिखाण लहान. "वा," दुलीचंद म्हणाला, "कम बोलने वालों का भी नाम रह गया." त्याने ते बाराही पाठ केले. भाजीवाली शेवंताबाई सहाच्या सुमाराला टोपली उतरवून टेकायची आणि "काल तो राजा मेला होता का वाचला?" असं विचारून मगच पुढे जायची.

गल्लीबाहेर मात्र वेगळंच शिजलं. कार्यालयात मला 'पादरी बाबू' नाव पडलं. नळावर एका शेजारणीने सुनंदाला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे हे धर्म बदलून राह्यले म्हणतात?" सुनंदाने आधी घागर भरून घेतली. मग म्हणाली, "धर्म तोच हाय. सवय बदलली. रोज साडेपाचले घरी येते, पानटपरीवर बसत नाई. तुमच्याकडचे पन पाठवा ना." दुसऱ्या आठवड्यापासून ओसरीवर आणखी दोन माणसं आली. स्वतःच्या इच्छेने आली असं दिसलं नाही.

नऊ महिने गेले. बाईंना सत्तावीसच्या सत्तावीस पुस्तकं तोंडपाठ झाली. मार्चच्या शेवटी संस्थेचं पत्र आलं: दृष्टिदोषामुळे उमेदवाराला लेखनिक मिळेल. बाई सांगतील ते मी लिहायचं हे ठरलेलंच होतं. पण पत्रात एक अट होती. लेखनिक परीक्षेच्या विषयाबाबत पूर्णपणे अनभिज्ञ असावा, आणि तसा दाखला राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा विषयाच्या जाणकाराने द्यावा.

मी तहसिलीत गेलो. खिडकीतल्या बाबूने माझं म्हणणं दोनदा ऐकलं. मग कागदांचे गठ्ठे चाळून खऱ्या सहानुभूतीने म्हणाला, "आय का है, जाति का है, मूल निवासी का है. अज्ञान का फॉर्म नहीं है, भाईसाहब. मांग ही नहीं आई कभी."

उरले आमचे मेश्राम साहेब. राजेंद्र मेश्राम, मूळचे भंडाऱ्याचे, अकरा वर्षं माझे अधिकारी. मी अर्ज पुढे ठेवला.

"अज्ञानाचा दाखला?" साहेबांनी चष्मा काढला. "कोणत्या विषयातल्या?"

"ईश्वरविज्ञान, साहेब."

"फक्त त्याच विषयातल्या पाहिजे का?"

मी अर्ज आणखी थोडा पुढे सरकवला. काही अपमान असे असतात की उत्तर दिलं तर ते नोंदवले जातात. साहेबांनी आनंदाने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'श्री. मधुकर यांना मी अकरा वर्षांपासून ओळखतो. त्यांना सदर विषयाचे ज्ञान असल्याचा कोणताही पुरावा या कार्यालयात आढळून आलेला नाही.' खाली सही, खाली गोल शिक्का. तीन वाजेपर्यंत त्याच्या झेरॉक्स प्रती सगळ्या टेबलांवर पोहोचल्या होत्या.

संध्याकाळी मी तो कागद बाईंना वाचून दाखवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता सांग. बाबेलच्या बंदिवासाच्या आधीचे संदेष्टे कोण, नंतरचे कोण?"

मी खरंच गप्प राहणार होतो. पण नऊ महिने स्वल्पविरामांसकट वाचलेलं तोंड माझं ऐकेना. मी आधीचे सांगितले, नंतरचे सांगितले, एकाच्या काळाबद्दल विद्वानांमध्ये वाद आहे तो सांगितला, दोन्ही बाजू सांगितल्या आणि माझं स्वतःचं मतही सांगून टाकलं.

"मग हा कागद खोटा आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, सरकारी शिक्का आहे."

"शिक्का खरा आहे. कागद खोटा आहे. देवाविषयीचा पेपर मी खोट्या दाखल्यावर देणार नाही."

"बाई, शेवटची परीक्षा आहे ही!" सुनंदा जवळजवळ रडत म्हणाली.

"मला माहीत आहे, सुनंदा. पन्नास वर्षं मला माहीत आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

परीक्षेला नऊ दिवस राहिले होते, आणि आमच्या गल्लीत एक असा माणूस शोधायचा होता ज्याला बायबलमधलं काही येत नाही. सापडेना. चैतराम तर बाईंशी वाद घालणारे. दुलीचंद मोठ्या विश्वासाने म्हणाला, "मैं तो अनपढ़ समझो, माझं नाव टाका." बाईंनी विचारलं, "लहान संदेष्टे किती?" आणि त्याने बाराही एका दमात म्हणून टाकले. मग जीभ चावली. सुनंदा म्हणाली, "एक उलटसुलट झाला," आणि तीही बाद झाली. शेवंताबाईला लिहिता येत नव्हतं, पण राजांचा क्रम तिने बरोबर सांगितला. गल्लीबाहेरच्या ओळखीच्या पोरांना विचारलं, तर त्यांना विषय येत नव्हता आणि मराठी लिहिताही येत नव्हतं. ती हिंदी शाळेतली. एवढं मोठं बालाघाट, आणि मराठीत अज्ञानी माणूस मिळेना.

चौथ्या दिवशी मी दाखला परत करायला साहेबांकडे गेलो.

"साहेब, हा रद्द करा. मला विषय येतो."

साहेब हसायला लागले, पण माझा चेहरा पाहून थांबले. "बस," ते म्हणाले. सगळी कहाणी मी सांगितली. पोस्टकार्ड, भरतकाम, डोळे, शेवटची परीक्षा. साहेब खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"माझ्या आईने पंचावन्नाव्या वर्षी चौथीच्या परीक्षेची तयारी केली होती," ते म्हणाले. "नवीन पाटी, नवीन लुगडं. पेपर घेणारा मास्तर आलाच नाही. संध्याकाळपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून राहिली. पुन्हा तिने नाव काढलं नाही." थोडा वेळ ते टेबलावरचा पेन फिरवत राहिले. "मधू, माझं मराठी अक्षर कसं आहे?"

"मोत्यासारखं, साहेब."

"आणि बायबलमधलं मला काही येत नाही."

"पण साहेब, तुमचा दाखला कोण देणार? तुम्ही स्वतःला देऊ शकत नाही. बाकीचे अधिकारी दौऱ्यावर आहेत."

त्या संध्याकाळी साहेब ओसरीवर आले. हाच प्रश्न बाईंपुढे ठेवला तर बाई म्हणाल्या, "पत्रात 'किंवा विषयाचा जाणकार' असं आहे ना? जाणकार तो काय समोर उभा आहे." आणि माझ्याकडे बोट केलं.

सरकारी नोकरीत माणसाला निवृत्तीपर्यंत एखादाच सोन्याचा दिवस मिळतो. माझा तो सतरा एप्रिल एकोणीसशे नव्व्याण्णव. साहेब खुर्चीवर. मी समोर, हातात कागद. सगळी गल्ली कुंपणाला. मी घसा साफ केला.

"जुन्या करारातली पुस्तकं किती?"

"नाही येत."

"साहेब, अंदाज?"

"दहा?"

कुंपणाकडून दुलीचंदचा "च् च्" ऐकू आला.

"लहान संदेष्टे कोणाला म्हणतात?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "लहान म्हणजे किती वर्षांचे?"

मी आणखी तीन प्रश्न विचारले. खरं म्हणजे गरज नव्हती. मग मी लिहिलं: 'श्री. राजेंद्र मेश्राम यांची मी समक्ष व सखोल तपासणी केली असून सदर अधिकाऱ्यांच्या अज्ञानाविषयी माझी पूर्ण खात्री झाली आहे.' सही केली. साहेबांनी दाखला वाचला आणि ते म्हणाले, "मसुदा चांगला जमलाय. कार्यालयात असा काहून नाही लिहीत?"

परीक्षा बाईंच्या ख्रिस्ती देवळाच्या बाजूच्या खोलीत झाली. तीन दिवस, रोज तीन तास. पर्यवेक्षक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. मी, सुनंदा, चैतराम आणि दुलीचंद बाहेर चिंचेखाली. खिडकी उघडी होती.

"पुनरुत्थान," बाईंचा आवाज आला. मग शांतता. "कसं लिहिलंत ते सांगा... दीर्घ? रु ऱ्हस्व आहे, मेश्राम. खोडा."

"बाई, वेळ जातोय—"

"वेळ माझा आहे. खोडा आणि नीट लिहा."

मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात मला संगीताची आवड कधीच नव्हती, पण ते सूर मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. साहेब घामाने निथळत लिहीत राहिले, दुलीचंद खिडकीतून पुठ्ठ्याने वारा घालत राहिला आणि मुख्याध्यापकांनी तो अंगठा-बोटांनी काही खुणा करत नाही ना, याची खात्री करून घेतली. तिसऱ्या दिवशी शेवटचा प्रश्न न्यायी देव आणि दुःखी माणूस याच्यावरच आला. चैतराम उडी मारून उठले. आम्ही त्यांना धरून खाली बसवलं. बाईंनी त्या एका उत्तरात इतकं सांगितलं की पुरवण्या संपल्या. मुख्याध्यापक स्वतः धावत जाऊन कोऱ्या कागदांवर सही करून घेऊन आले. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांची बोटं सुजली होती. सुनंदाने तिथेच हळद गरम करून लावली. साहेब हात पुढे धरून बसले आणि एकदम म्हणाले, "मधू, ते शेवटचं उत्तर... मी मध्येच लिहायचं थांबलो होतो. ऐकत राहिलो. बाईंनी टेबलावर टकटक केलं तेव्हा भानावर आलो."

निकाल जुलैत आला. पाकीट चैतरामांनी आणलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण नव्या पोस्टमनच्या हातून त्यांनी ते मागून घेतलं. म्हणाले, "हे वाटाचा हक्क माझा हाय." ते खाकी टोपी घालून आले होते.

मी वाचलं. पहिला वर्ग. मराठी माध्यमात सर्वप्रथम. पुढची ओळ मी गिळली.

"किती उमेदवार होते?" बाईंनी विचारलं.

"बाई, ते काही नीट छापलेलं..."

"मधू."

"सहा."

बाईंनी बोटांवर सहा मोजले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी तिसरीतही कधी पाहिलं नव्हतं. "सहातून पहिली. आणि आता मराठीतून परीक्षाच नाही. म्हणजे मला मागे टाकणारं कोणी येणारच नाही." त्यांनी टाळी वाजवली. एकाहत्तर संपून बहात्तरावं लागलेल्या बाईने ओसरीवर उभं राहून टाळी वाजवली, आणि शेवंताबाईने टोपलीतली सगळी काकडी वाटून टाकली.

देवळात पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी बाईंना उपदेशाला उभं केलं. पाळकसाहेब तरुण, मोठे भले, पण उपदेश लांबवणारे. मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ "बाईमाणूस?" असं पुटपुटले, पण मागच्या तीन बाकांवर आमची गल्ली आणि मेश्राम साहेब बसलेले पाहून गप्प राहिले. बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. वीस मिनिटं बोलल्या. देव चांगल्या माणसाला दुःख का देतो याचं उत्तर आपल्याला मिळालेलं नाही, पण विचारायचा हक्क मात्र मिळालेला आहे, असं त्या म्हणाल्या. शेवटी ते वयस्कर गृहस्थच आधी उठले आणि त्यांना हात धरून पायरी उतरवायला गेले.

आम्ही निघत होतो तेवढ्यात पाळकसाहेब धावत आले. त्यांच्या हातात वही होती.

"बाई," ते संकोचून म्हणाले, "पुढच्या रविवारचा माझा उपदेश... एकदा ऐकून घ्याल का?"

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उद्या साडेपाचला या," त्या म्हणाल्या. "वही आणा. आणि लाल पेन्सिल."

त्या पुढच्या रविवारी उपदेश नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर संपला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सगळी मंडळी गरम जेवण जेवली.